उसाच्या हंगामातले मेणाचे दात

दाताच्या डॉक्टरवर लेख आहे म्हटल्यावर तुमचा हात गालावर गेला, हो ना? काढा तो खाली. ह्या लेखात कोणाचाही दात उपटला जाणार नाही. ड्रिलचा आवाजसुद्धा येणार नाही. मला तो तोंडानं हुबेहूब काढता येतो, पण तुम्ही पान उलटून पळाल म्हणून काढत नाही. आणि 'माझे आदरणीय गुरुवर्य' असं काहीतरी सुरू होईल, शेवटी फोटोला हार पडेल, अशा तयारीनं रुमाल घेऊन बसला असाल, तर रुमाल खिशात ठेवा. मला एका हंगामाबद्दल लिहायचंय. हंगाम म्हटल्यावर परत तुम्ही पाऊस धरून बसाल. पाऊस नाही हो! ऊस. आमच्या शहाद्याकडं हंगाम म्हणजे ऊस.

आज सकाळी माझ्या दवाखान्याच्या खिडकीखालून यंदाची पहिली ट्रॉली गेली. अशी भरलेली, की मागून ट्रॅक्टर दिसतच नाही, नुसतं उसाचं रान स्वतःच्या पायांनी कारखान्याकडं निघालंय असं वाटतं. रस्त्यावर पाचटाचा सडा. ट्रॅक्टरवर गाणं एवढं मोठं, की माझ्या ट्रेमधली हत्यारं ताल धरायला लागली. एक शाळकरी पोरगं दप्तरासकट धावत सुटलं, मागं लटकलं, एक कांडं ओढलं आणि 'ए ऽऽ' असा ड्रायव्हरचा आवाज यायच्या आत तिसऱ्या गल्लीत गायब. माझ्या खुर्चीत पेशंट तोंड उघडून पडलेला आणि मी खिडकीत! पेशंट म्हणाला, "अं अं अं?" मी म्हटलं, "काही नाही काका, ऊस सुरू झाला." त्यांनी उघड्या तोंडानं "आऽऽ" केलं. दाताच्या खुर्चीत 'आऽऽ' दुखलं म्हणूनही करतात आणि आनंद झाला म्हणूनही. फरक ऐकू येतो. मला तरी येतो. हा फरक ऐकायला ज्यांनी शिकवलं ते गिरधर सर.

सर आता नाहीत. हे वाक्य इथंच लिहून टाकतो, म्हणजे पुढं ते मध्ये मध्ये येणार नाही.

सर तापीकाठच्या एका गावचे. घरचा कापूस, घरची केळी, घरचा ऊस. आमच्या डेंटल कॉलेजात ते कवळ्या शिकवायचे. कॉलेज जिल्ह्याबाहेर, एसटीनं जायचं तर कंबर मोजून घ्यावी इतकं लांब. शनिवारी संध्याकाळी सर तिथून निघायचे आणि रविवारी शहाद्यात दवाखाना उघडायचे. स्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या, बाहेर बाकडं, मागं पायरी. त्या पायरीला फार महत्त्व आहे. कारण हंगामात सर त्या पायरीवर बसून ऊस खायचे. दातांचे डॉक्टर, कवळ्यांचे प्राध्यापक, आणि दातानं सोलून, टराटरा आवाज करत ऊस खायचे! पेशंट येताना दिसला की कांडं पाठीमागं. आत आले की घसा साफ करायचे, "खंऽऽक", आणि पेशंटला विचारायचे, "ऊस खाल्ला ना? खरं सांग. कडक कांडं मागच्या दाताखाली घेतलं ना?" आणि त्यांच्या मिशीत पांढरं चोथ्याचं तूस अडकलेलं.

मी नकला करतो. पहिलीपासून करतो. मुख्याध्यापक, एसटीचा वायपर, कोंबडी पकडताना कोंबडी आणि कोंबडी पकडताना माझी मम्मी. मम्मी म्हणायची, "तुझं स्वतःचं काही आहे का रे, का सगळं उसनं?" तर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी गिरधर सर केले. तो त्यांचा तिरका चष्मा, ती शर्टाच्या खिशातली पट्टी, ते "हां बेटा, आऽऽ कर, अजून मोठा कर, आत कोण आहे बघू." पोरं बाकांवर चढली. सर पहिल्या रांगेत बसलेले. संपल्यावर मला हातानं बोलावलं. मी मनात बॅग भरायला घेतली होती. सर म्हणाले, "चांगलं झालं. एक चूक आहे. घसा मी पेशंटच्या तोंडात बघण्याच्या आधी साफ करतो, तू नंतर केलास. माणसाच्या तोंडावर कोणी खोकतं का? सुधार."

सुधार! एवढंच. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागं मागं. नक्कल सुधारायची म्हणून सुरुवात झाली आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. ज्या माणसाची नक्कल करायची त्याच्याकडं फार बघावं लागतं. बघता बघता तो हातात उतरतो. आज मी तोंडात घालायचा आरसा आधी तळहातावर घासून गरम करतो. हिवाळ्यात तो बर्फासारखा असतो, पेशंट दचकतो. मला हे कोणत्या पुस्तकानं शिकवलं? कोणत्याच नाही. मी नक्कल करत होतो.

तसंच त्यांचं डाव्या हाताचं. सर पेशंटला कधीही 'दुखणार नाही' म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "दुखलं की डावा हात वर करा. मी थांबतो." आणि थांबायचे. हेच मोठं होतं. बाकीचे डॉक्टरही हे सांगतात, पण हात वर झाला की म्हणतात, 'झालंच, झालंच.' सर खरोखर थांबायचे. एकदा सातपुड्यातून एक बाई आली होती, गालाला एवढी सूज. सरांनी आरसा उचलला की तिचा हात वर. अजून लावलेलं काही नाही, नुसता उचलला. सर थांबले. आरसा खाली. तिच्या शेळ्यांची चौकशी केली. परत उचलला, परत हात वर. परत खाली. शेळीला कोणता झाडपाला आवडतो ते निघालं. मी घड्याळ बघत होतो, बाहेर बाकडं भरलेलं. मी कानाशी जाऊन म्हटलं, "सर, असं तर संध्याकाळ होईल." सर म्हणाले, "होऊ दे. संध्याकाळ रोज होते. हिनं तोंड रोज उघडलेलं नाही." शेवटी त्या बाईनं स्वतःच आरसा मागून घेतला, हातात फिरवून पाहिला, आपला चेहरा बघून हसली आणि तोंड उघडलं. मी तेव्हा टाळी वाजवली होती. खरंच वाजवली. सर म्हणाले, "ए भोंग्या, हे नाटक नाही." पण त्यांनाही आनंद झाला होता. त्यांचे कान हलायचे आनंदानं. ही नक्कल मात्र मला आजतागायत जमलेली नाही. कान हलत नाहीत माझे.

आता दाताच्या पोरांचं एक गुपित सांगतो. फायनलला बसायचं तर काही पूर्ण कवळ्या स्वतःच्या हातानं करून द्याव्या लागतात. त्यासाठी लागतात बोळक्या तोंडाची माणसं, आणि ती शोधायची ज्याची त्यानं. त्यामुळं परीक्षा जवळ आली की आम्ही जगाकडं एका वेगळ्याच नजरेनं बघायला लागतो. लग्नात नवरा-नवरी बघायची सोडून पंगतीत कोण भात मळून खातंय ते बघायचं. देवळाबाहेर, बाजारात, कोणी आजोबा हसले की काळजात लक्कन व्हायचं. हसले आणि आत एकही दात नाही! अहाहा! माझा एक दोस्त तर एका म्हाताऱ्यांच्या मागं अर्धा बाजार फिरला, तेव्हा त्यांनी वळून विचारलं, "काय रे, पाकीट मारतो का?"

मला माझे आबा घराशेजारीच मिळाले. म्हणजे स्टँडवर. हिरामण आबा.

शहाद्याच्या स्टँडबाहेर काळ्या-पिवळ्या जीपा लागतात, तळोदा, अक्कलकुवा, खापरकडं जाणाऱ्या. आबा त्यांना आवाज द्यायचे. माझ्या लहानपणी सकाळी मम्मीची हाक नंतर, आबांची आधी. "ए तळोदाऽऽ तळोदाऽऽ, अक्कलकुवाऽऽ, खापर-खापर-खापर!" अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यायचं. तळोदा लांब, अक्कलकुवा वर चढून खाली उतरणारा, आणि खापर तीनदा, टाळ्या वाजवल्यासारखा. मी पहिली नक्कल केली ती ह्या हाकेची. चांगली जमली होती. एकदा एक काका खरंच पिशवी घेऊन आमच्या अंगणात आले होते.

मग आबांचे दात गेले. हळूहळू, एकेक करत, आणि शेवटचा हंगामात. हाक राहिली, पण त्यातला दाणा गेला. तळोदातला त आणि द नुसती हवा होऊन बाहेर यायची. अक्कलकुव्याचा व कुठंतरी ओठातच रहायचा. फक्त खापर शाबूत, कारण खापर म्हणायला दात लागत नाहीत. लोक चेष्टा करायचे, "आबा, सगळ्यांना खापरलेच नेता का?" आबाही हसायचे, हातानं तोंड झाकून. चेष्टेपर्यंत ठीक होतं. पुढं जीपवाल्यांनी बॅटरीचा स्पीकर आणला. त्यात कोणाचा तरी आवाज भरलेला, पुढं-मागं टिंगटिंग. पहिल्या नंबरच्या जीपचे युनूसभाई, फार प्रेमळ माणूस, आबांना म्हणाले, "आबा, बठा ना आते. आराम करा. यंत्र बोली ऱ्हायनं ना."

आबा बसले. स्पीकरच्या खाली, पाण्याच्या टाकीजवळ. रोज यायचे, टोपी घालून, धुतलेला टॉवेल खांद्यावर टाकून, आणि बसायचे. मी त्यांना तिथंच गाठलं. म्हटलं, "आबा, आऽ करा बरं जरा."

"काय रे भो, मन्हा तोंडमा काय देखी ऱ्हायना? सोनं पडेल शे का?"

मी सांगितलं, कवळी करून देतो. भाकरी खाता येईल, ज्वारी-उडदाच्या कळण्याची, ठेच्याबरोबर. आबा म्हणाले, "भाकर मी दूधमा मोडी लेस. माले भाकरनं काही नही." मग स्पीकरकडं मान वर करून म्हणाले, "त्या यंत्रले काय माहीत, कोन तळोदाले जाई ऱ्हायना नि कोन आठे नुसता उभा शे? मन्हा आवाज आनी दे माले. देस का?"

मी लगेच म्हटलं, देतो! कॉलेजच्या पोराला 'देतो' म्हणायला काय लागतं! मला कवळी हवी होती, आबांना आवाज हवा होता. युनूसभाईंनी कबूल केलं, "आबांना पूर्वीसारखी हाक मारता आली ना, तर हा डबा मी काढून ठेवतो." ऐन गळीत हंगाम, स्टँडवर माणूस मावत नव्हता. आबांना त्याच गर्दीत उभं रहायचं होतं. गर्दी ओसरल्यावर हाक मिळून काय करायची?

आबा एसटीत बसून कॉलेजला यायला तयार नव्हते, म्हणून सरांनी परवानगी दिली की सगळं काम रविवारी त्यांच्या दवाखान्यात करायचं, त्यांच्या डोळ्यांसमोर. तो हिवाळा मला वासासकट आठवतो. सकाळी धुक्यातून कारखान्याच्या मळीचा आंबूस गोड वास, आत शिरलं की लवंगेच्या तेलाचा, आणि मेण वितळायला लागलं की देवळातल्यासारखा. नंदुरबारहून कोणी पेशंट आला तर कपड्यांना मिरचीचा नाकात जाणारा खाट. तिकडं तेव्हा गावाबाहेर लाल मिरची वाळत घातलेली असते, जमीन दिसत नाही. तो माणूस खुर्चीत बसायचा आणि शिंका आम्हाला यायच्या.

तोंडाचं माप घेताना गुलाबी लगदा भरलेला साचा टाळूला लावून धरावा लागतो. आबांना उमासे यायला लागले. डोळे बाहेर. मी घाबरलो. सर म्हणाले, "आबा, उजवा पाय वर उचला. वर, अजून वर. पाडायचा नाही हं!" आबा खुर्चीत, तोंडात साचा, एक पाय हवेत, सगळं लक्ष पायाकडं. उमासा विसरले! माप असं सुंदर आलं की मी ते उन्हात धरून बघत बसलो. मी आजही पेशंटला पाय वर करायला लावतो. बाहेरच्या बाकड्यावरून लोक बघतात आणि त्यांना वाटतं आत कवायत चाललीय.

आणि एका रविवारी सरांनी मला जे सांगितलं त्यानं मी हवेत गेलो. दात रचायला बसलो होतो. समोरचे दात किती लांब, किती पुढं, हे मी पट्टीनं मोजत होतो. सरांनी पट्टी काढून घेतली. म्हणाले, "तुला पट्टी कशाला पाहिजे? व म्हणताना वरचा दात खालच्या ओठाला टेकायला हवा. श म्हणताना दातांमध्ये कागद जाईल एवढीच फट. लोकांना हे बघून कळतं, मोजून कळतं. तुला ऐकून कळेल. तू नकला करतोस म्हणजे तुझा कान बरा आहे. आबांची हाक तुझ्या कानात आहे ना, दात असतानाची? मग ती निघेपर्यंत दात हलवत रहा."

मम्मी ज्याला उसनं म्हणायची, शाळेत ज्याच्यासाठी छड्या खाल्ल्या, ते ह्या माणसाला कामाचं वाटत होतं! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. रस्त्यानं चालताना मी प्रत्येकाचे दात ऐकत होतो. भाजीवालीचा स, पानवाल्याचा च, शिट्टीवर बोलणारा तो कंडक्टर. सगळं शहादं एकदम ऐकू यायला लागलं.

मग आला ट्रायलचा रविवार. ट्रायल म्हणजे काय ते सांगतो. कवळी पक्की करायच्या आधी दात गुलाबी मेणाच्या हिरडीत खोवून पेशंटला घालून बघतात. दिसतं अगदी खऱ्यासारखं, पण आहे मेण. आबांनी घातले. आरशात पाहिलं. टोपी सारखी केली. परत पाहिलं. सर म्हणाले, "आबा, हाक मारा." आबांनी खालच्या आवाजात, देवाजवळ बोलल्यासारखं, "तळोदा" म्हटलं. मी दात थोडे आत घेतले. परत "तळोदा". थोडे वर. तेवढ्यात पुरुषोत्तमनगरहून निरोप आला की तिथल्या एका आजींना सरांनी केलेली कवळी टोचतेय, आणि त्यांना चालवत नाही. सर बॅग घेऊन निघाले. दारातून म्हणाले, "मी येईपर्यंत म्हणवून घे. आणि मेण आहे, लक्षात ठेव."

मी म्हणवून घेतलं. पण आबा ओरडेनात! चार भिंतींत, पंख्याखाली, खुर्चीत आडवं पडून कोणी 'ए तळोदाऽऽ' ओरडतं का? लाजायचे. कुजबुजीवर मी काय दात लावणार? हाक उघड्यावरची, ती उघड्यावरच ऐकायला पाहिजे. मला हे इतकं पटलं, इतकं पटलं, की मी म्हटलं, "आबा, चला. स्टँडपर्यंत. एक हाक मारायची आणि परत." आबांच्या डोळ्यांत काय चमकलं! खुर्चीतून उतरले ते पोरासारखे.

स्टँडवर त्या वेळी बाजाराची गर्दी. पोती, कोंबड्या, नवीन बादल्या, ऊसतोडीची माणसं, कुठं जायचं ते न कळणाऱ्या म्हाताऱ्या. स्पीकर टिंगटिंग करत होता. मी युनूसभाईंना म्हटलं, "बंद करा जरा." त्यांनी बंद केला. आबा टाकीजवळ उभे राहिले. एक हात कानाशी. छाती भरून घेतली. आणि,

"ए तळोदाऽऽ! तळोदाऽऽ! अक्कलकुवाऽऽ! खापर-खापर-खापर!"

अहो! काय सांगू तुम्हाला! त आला, द आला, व ओठावर दात टेकवून असा दणक्यात बाहेर पडला, की रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. माणसं वळली. आबा परत आले हे ओळखून एक बाई म्हणाली, "आबा उनात वाटतं." आणि आबांनी नुसती हाक नाही मारली. त्यांनी गर्दीत बोट दाखवलं, "ए मावशी, तळोदा ना? हाऊ गाडी. ए पोऱ्या, तू कथा? खापर? बठ, बठ!" कोण कुठं जाणार ते त्यांना दिसत होतं. जीप बघता बघता भरली. आत, मागं, पायरीवर. मी उड्या मारत होतो. मी डोळे मिटून ती हाक कानात भरून घेत होतो, परत परत, आणि माझ्या अंगावर काटा. माझी नक्कल बरी होती, पण ही असली होती!

मी डोळे मिटले होते, तिथंच घात झाला. युनूसभाईंनी आनंदानं आबांच्या हातात चहा दिला. स्टँडचा चहा तुम्ही प्यायला असाल तर माहीत असेल, तो ग्लास टॉवेलानं धरावा लागतो. आबांनी धरला, फुंकला, आणि खुशीत मोठा घोट घेतला.

पुढची हाक "तळो" पर्यंत आली आणि थांबली. मी डोळे उघडले. वाऱ्यानं ऊस लोळतो ना, मुळापासून एका बाजूला, तसे समोरचे दात आबांच्या तोंडात लोळले होते. आबांनी टॉवेल तोंडावर घेतला. लोकांना वाटलं खोकला आला. युनूसभाईंनी पाठीवर हात मारला. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांचा दंड धरला आणि आम्ही गल्लीत शिरलो. पूर्ण रस्ता त्यांनी टॉवेल तोंडावरून काढला नाही. मागं स्पीकर परत सुरू झाला होता.

दवाखान्यात सर आलेले होते, आणि आम्ही स्टँडवर गेल्याचं त्यांना बाकड्यावरच्या लोकांकडनं कळलं होतं. त्यांनी आबांना खुर्चीत बसवलं, टॉवेल हळूच बाजूला केला, दात काढून घेतले, उजेडात धरले. वास घेतला. "चहा," म्हणाले. "आल्याचा."

आता बघा, सर कधीच रागवायचे नाहीत. त्यामुळं माझ्याकडं रागावलेले गिरधर सर नव्हतेच. माझ्या पोतडीतला तेवढा एक आवाज कमी होता. मी मान खाली घालून उभा होतो हे खरं, पण अर्धा कान टवकारून उभा होतो, हेही खरं. सरांनी घसा साफ केला. कॉलेजात आमच्याशी ते पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा घरच्या भाषेत आले.

"तुले काही अक्कल शे का रे? तोंड उघडं की कुत्रं, मांजर, इंजिन, सगळं काढस. जराशी अक्कल काढाले काय व्हयनं?"

मी म्हटलं, "सर, मेण..."

"मेण गेलं चुलीत! मेण पुन्हा लावता येतं." इथं ते परत मराठीत आले, आणि आवाज खाली गेला. ते जास्त वाईट होतं. "चारचौघांत दात खाली पडले असते तर? पोरांनी उचलले असते तर? ह्या माणसानं परत जन्मात तोंड उघडलं असतं? तू त्यांचा आवाज घेऊन गेला होतास तिथं, खेळणं नाही."

माझ्याकडं एवढे आवाज, पण त्या वेळी एकही निघाला नाही. खुर्चीतून आबा बोळक्यानंच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोऱ्याले नका बोलू. मी मन्हा मन च्या पिधा." सर म्हणाले, "आबा, तुमचा नंबर नंतर." आणि दिवा पेटवला, मेणाची सुरी तापवली, लोळलेले दात एकेक करून सरळ करायला घेतले. हात आणि तोंड, दोन्ही चालू. 'परीक्षेत असं करशील का, खुर्ची सोडून पेशंट नेतात का, मी काय सांगून गेलो होतो, कोणत्या शाळेत शिकलास.' मध्येच न थांबता म्हणाले, "स्टँडवर द कसा आला?"

"खणखणीत, सर!"

"खणखणीत म्हणजे काय? करून दाखव. मी होतो का तिथं?"

मी मारली हाक. आबांची, स्टँडवरची, कानात जशी होती तशी. सरांनी डोळे मिटून ऐकली, एक दात केसभर आत ढकलला. "परत." मी परत. "हं. आणि हसू नकोस. माझं बोलणं संपलेलं नाही." दात आबांच्या तोंडात बसवले. "आबा, आता तुम्ही."

आणि आबा लाजले नाहीत. खुर्चीत ताठ बसले, हात कानाशी नेला, पंखा-बिंखा विसरून, दोन खोल्यांच्या त्या दवाखान्यात छाती फोडून ओरडले. "ए तळोदाऽऽ!" ट्रेमधली हत्यारं वाजली. बाहेरच्या बाकड्यावरचं पोरगं रडायला लागलं. सरांचे कान हलले, मी पाहिले, पण लगेच माझ्याकडं वळून त्यांनी चेहरा परत रागाचा केला.

तेवढ्यात दार ढकलून एक माणूस आत. हातात पिशवी, बगलेत कोंबडी. आम्हा तिघांकडं बघून त्यानं विचारलं, "तळोदानी गाडी कव्हय निघी भो?"

सरांनी सुरी दिव्यावर धरली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बघितलंस? एवढंच बाकी होतं. आता दवाखान्यातनं जीपा सोडायच्या मी. उभा काय राहिलास गाढवा, जा, त्यांना स्टँडवर गाडीत बसवून ये. आणि वाटेत कोणाच्या हातचा चहा घेतलास ना, तर आबांचे राहू दे, तुझेच दात मेणात बसवीन!"